नाना फडणवीस आणि ईडिपस राजा : शोकनायक रंगमंचावरचा आणि दरबारातला

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्या प्रश्नालाच देऊ या. प्रश्न असा होता : एखादा नेता पडला, पक्षातून गेला, तुरुंगात गेला, की दुसऱ्या दिवशी अग्रलेखात शब्द येतो, 'शोकांतिका'. राजकारणातला खराखुरा माणूस नाटकातल्यासारखा शोकनायक असू शकतो का? की ही नुसती लिहायची पद्धत झाली?

पद्धत झाली आहे हे तर खरंच. बस दरीत कोसळली तरी शोकांतिका, क्रिकेटचा सामना हरलो तरी शोकांतिका. तेव्हा आधी हा शब्द थोडा घासूनपुसून घेऊ. ॲरिस्टॉटलने नाट्यकलेवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात जे सांगितलं, त्यातल्या तीन गोष्टी आपल्याला आज पुरतील. पहिली, शोकनायक वाईट माणूस नसतो. दुष्टाचा नाश झाला तर आपण म्हणतो बरं झालं. साधुपुरुषाचा झाला तर चीड येते. शोकनायक या दोघांच्या मधला, बऱ्यापैकी मोठा माणूस असतो आणि तो कुठेतरी चुकतो. या चुकीसाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द 'हमार्तिया' मुळात नेम चुकण्याचा आहे. बाण सोडणाऱ्याचा हेतू बरोबर असतो, हातही कसलेला असतो, पण बाण भलतीकडे जातो. दुसरी गोष्ट, उलटापालट. जे टाळायला म्हणून माणूस काही करतो, त्या करण्यामुळेच ते घडतं. आणि तिसरी, ओळख पटणं. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, अभिज्ञान. कालिदासाच्या नाटकात अंगठी सापडते, ओळख पटते आणि शेवट गोड होतो. ग्रीक नाटकात ओळख पटते, आणि ती पटली नसती तर बरं झालं असतं असं वाटायला लागतं.

तिन्ही गोष्टी ज्यात ठासून भरल्या आहेत ते नाटक म्हणजे सोफोक्लीसचा ईडिपस राजा. पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणलं, 'राजा ओयदिपौस' या नावाने. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी दोन मिनिटांत सांगतो, कारण तिचा एक बारकावा पुढे लागणार आहे. थीब्जचा राजा लायस याला देववाणी होते की तुझा मुलगा तुला मारील. मुलगा होतो. राजा त्या तान्ह्या पोराचे घोटे टोचून बांधतो आणि डोंगरावर टाकून द्यायला गुराख्याच्या हातात देतो. गुराख्याला दया येते, पोर परगावी वाढतं. मोठा झाल्यावर त्यालाही तीच देववाणी कानावर येते, आणि आपण ज्यांना आईबाप समजतो त्यांच्यापासून दूर जायचं म्हणून तो पळतो. वाटेत एका म्हाताऱ्याशी भांडण होतं, त्याला मारतो. पुढे थीब्जला पोचतो, तिथल्या राक्षशिणीचं कोडं सोडवतो, राजा होतो, विधवा राणीशी लग्न करतो. नाटक सुरू होतं तेव्हा शहरात साथ आहे, आणि हा सगळ्यांत हुशार माणूस जाहीर करतो की जुन्या राजाचा खुनी मी शोधून काढीन. शोधतो. खुनी तो स्वतःच निघतो.

ईडिपसचं वैशिष्ट्य काय? ज्ञान. कोडी सोडवणारा माणूस. जगाला जे कळत नाही ते त्याला कळतं, आणि स्वतःच्या घरात काय आहे तेवढं फक्त कळत नाही.

आता आपण पुण्याला येऊ.

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतरच्या दोन-चार वर्षांत पुण्यात होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने त्याला दरबारात प्रवेश मिळाला, आणि त्याने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र काढलं. मूळ चित्र आज लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे; त्याच्या प्रती आपण पुस्तकांतून पाहिलेल्या असतात. गादीवर एक कोवळा मुलगा, आणि जवळ एक उंच, सडपातळ, गंभीर चेहऱ्याचा माणूस. पेशवा कोण आणि कारभारी कोण हे कपड्यांवरून कळतं. पण राज्य कोण चालवतो हे विचारलं, तर बोट त्या दुसऱ्या माणसाकडे जातं. आजचा आपला शोकनायक तो दुसरा माणूस.

बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, साताऱ्याचा. पानिपतावर गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे नव्हते. तिथून जीव वाचवून आले, आई तिथेच गेली. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. पेशवा अठरा वर्षांचा. संशय सख्ख्या चुलत्यावर, रघुनाथरावांवर, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी तो संशय न्यायाच्या भाषेत त्यांच्या तोंडावर सांगितला. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना, सखारामबापू आणि बाकीच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे ज्यांना आपण बारभाई म्हणतो त्यांनी, गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली.

इथे क्षणभर थांबू. चाळीस दिवसांचं बाळ राज्याचा प्रमुख. त्याच्या बापाला घरात मारलेलं. मारवणारा जिवंत आहे, दावेदार आहे, आणि १७७५ मध्ये तो सुरतेला इंग्रजांशी तह करतो की मला गादीवर बसवा, बदल्यात साष्टी-वसई घ्या. अशा वेळी त्या बाळाच्या दाराशी जो माणूस उभा राहील तो कसा असायला हवा? संशयी असायला हवा. सगळ्यांवर नजर ठेवणारा, कुणालाही पुरता जवळ न येऊ देणारा, प्रत्येक कागद स्वतः वाचणारा. नाना तसे होते, आणि तसे होते म्हणून तो मुलगा जगला. सात-आठ वर्षांचं ते इंग्रजांशी युद्ध, त्यातलं वडगाव, १७८२ चा सालबाईचा तह, आणि रघुनाथरावांचं कोपरगावला पेन्शनीत बसणं. हे सगळं त्या संशयाचं यश आहे. नानांवर टीका करणारे हा भाग घाईने उरकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता त्यांची पद्धत. नानांच्या बातमीदारांविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, थोडी अतिशयोक्तीही झाली आहे. पण दिल्ली, हैदराबाद, कलकत्ता, श्रीरंगपट्टण इथून येणारी वकिलांची पत्रं, अखबार, त्यांवरची नानांची टिपणं पाहिली तर एवढं नक्की म्हणता येतं की त्या काळात हिंदुस्थानात कुठे काय चाललंय याची माहिती एवढ्या नीटपणे गोळा करणारे दरबार थोडे होते. वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा आहे, कृष्णेच्या घाटावर. सहल म्हणून गेलात तर पाहा. तिथल्या दप्तराने इतिहाससंशोधकांच्या पिढ्या पोसल्या. हा माणूस कागदावर जगला.

आणि तरी. आपल्याच शहरात, १७९१ च्या ऑगस्टअखेर, कोतवाल घाशीराम याने तीस-पस्तीस तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट कोठडीत डांबलं आणि त्यांतले वीसहून जास्त गुदमरून मेले. मानाजी फाकडे यांनी पुढे होऊन कोठडी उघडवली तेव्हा गोष्ट बाहेर आली. घाशीराम नानांचा माणूस, अनेक वर्षं त्या जागेवर. लोक चिडले, हजारो जमा झाले, आणि शेवटी नानांना त्याला जमावाच्या हाती सोपवावं लागलं. त्यांनी दगडांनी त्याचा जीव घेतला. कलकत्त्याची खडान्‌खडा बातमी ठेवणाऱ्याला आपल्या कोतवालाची कोठडी दिसत नव्हती. की दिसत होती आणि उपयोगी होती म्हणून चालू दिली? आम्हाला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. पण दोन्ही धरल्या तरी ईडिपस आठवतो.

आता मुलाकडे येऊ. गंगाबाई १७७७ मध्ये गेल्या. मुलगा कारभाऱ्यांच्या हाती वाढला. त्याला कशाची कमतरता नव्हती. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता, त्यात सिंह, गेंडा होते. गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या कलावंताने त्या प्राण्यांची चित्रं काढली आहेत. एकच गोष्ट नव्हती : नानांच्या नजरेबाहेर काही करण्याची मोकळीक. १७९२ मध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले, बादशाही फर्मानांचा मोठा समारंभ झाला, आणि महादजींनी या अठरा वर्षांच्या मुलाशी मैत्री केली. शिकारीला न्यायचं, हसायचं, बोलायचं. नाना अस्वस्थ झाले. कारण उघड आहे. महादजी काही नुसते शिकारीसाठी आले नव्हते. पण मुलाच्या बाजूने पाहा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठा माणूस त्याच्याशी कामाशिवाय बोलत होता. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी वानवडीला वारले.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. निजामाचा पराभव, सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली, आणि नाना यशाच्या शिखरावर. ग्रँट डफ या लढाईनंतरची एक हकिकत देतो. तरुण पेशवा उदास दिसत होता. नानांनी कारण विचारलं, तर तो म्हणाला की शत्रूने इतक्या सहज हार पत्करावी आणि आपल्या लोकांनी एवढ्याशा विजयाच्या एवढ्या बढाया माराव्यात, याचंच वाईट वाटतं. शब्दशः खरी असो नसो, तो मुलगा मुका बाहुला नव्हता, त्याला स्वतःचं डोकं होतं, एवढं अशा हकिकतींतून दिसतं.

त्याच सुमाराला शिवनेरीवर त्याचा एक चुलता कैदेत होता. नातं चुलत्याचं, पण वय जवळजवळ सारखंच. सवाई माधवरावांहून नऊ महिन्यांनी लहान. रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव. रघुनाथराव १७८३ मध्ये वारले, तेव्हा हा आठ वर्षांचा. आई आनंदीबाईंबरोबर कोपरगाव, मग नाशिकजवळचं आनंदवल्ली, मग १७९४ मध्ये आईही गेल्यावर जुन्नरला पहाऱ्यात. सगळं बालपण नजरकैदेत गेलं. या बाजीरावाने पहारेकऱ्यांतल्या बळवंतराव नागनाथ याला फितवून पेशव्याकडे चोरून निरोप पाठवला, चिठ्ठी पाठवली. आशय असा की आपण दोघेही कैदेतच आहोत, तुम्ही पुण्यात, मी इथे. आपल्या बापांचं वैर आपण का चालवावं? माधवरावांनी उत्तर दिलं. नानांना कळलं. त्यांना कळणारच होतं. बळवंतरावाला बेड्या पडल्या, आणि पेशव्याला एकवीस वर्षांचा असताना कारभाऱ्याची बोलणी खावी लागली.

दसरा झाला. २५ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडले. दोन दिवसांनी वारले.

पडले की उडी टाकली? डफ आत्महत्या म्हणतो आणि तिचा संबंध थेट त्या अपमानाशी लावतो. तो असंही लिहितो की मरताना पेशव्याने आपल्यामागे बाजीरावाला बसवावं अशी इच्छा सांगितली. रियासतकार सरदेसाईंचं मत वेगळं : ताप होता, वाताच्या भरात तोल गेला. आमचं मत विचाराल तर तापाचे उल्लेख बाजूला सारता येत नाहीत, आणि अपमानाची हकिकतही नाही. तापात माणूस काय बडबडतो, कुठे धावतो, हे त्याच्या मनात आधी काय होतं त्यावर थोडंफार ठरतं. त्यापलीकडे कागद आपल्याला नेत नाहीत.

यापुढचे चौदा महिने म्हणजे ॲरिस्टॉटलची उलटापालट. नानांनी प्रथम ठरवलं की बाजीराव नको. विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक मुलगा द्यायचा. बाजीरावाने दौलतराव शिंद्यांशी संधान बांधलं. ते कळताच नानांनी डाव फिरवला : शिंद्यांनी बाजीरावाला बसवण्यापेक्षा आपणच बसवलेलं बरं. परशुरामभाऊ पटवर्धन शिवनेरीला गेले. बाजीरावाचा विश्वास बसेना, तेव्हा भाऊंनी गाईचं शेपूट हातात धरून, गोदावरीची शपथ घेऊन वचन दिलं असं डफ सांगतो. १७९६ च्या मार्चमध्ये नाना आणि बाजीराव समोरासमोर बसले. मग शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या उलटले, परशुरामभाऊ त्यांच्या बाजूला गेले, बाजीरावाच्या धाकट्या भावाला, चिमाजी आप्पाला, यशोदाबाईंना दत्तक देऊन गादीवर बसवलं. नाना जीव वाचवायला सातारा, वाई करत महाडला उतरले. आणि महाडला बसून या चोपन्न वर्षांच्या माणसाने, हातात फौज नाही, पद नाही अशा स्थितीत, निजाम, भोसले, होळकर, खुद्द दौलतराव शिंदे, सगळ्यांना पत्रं लिहून, पैसे देऊन, आश्वासनं देऊन असं जाळं विणलं की काही महिन्यांत पुण्याचं राजकारण पुन्हा उलटं झालं. राजकारणातलं कसब म्हणून पाहिलं तर नानांच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत थक्क करणारं काम. आणि त्याचं फळ? डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला.

वीस वर्षं ज्या घराला गादीपासून दूर ठेवायचं एवढंच ज्याचं राजकारण होतं, त्याने आपल्या हाताने, आपल्या सगळ्या बुद्धीने, रघुनाथरावांच्या मुलाला गादीवर बसवलं. सोफोक्लीसला यापेक्षा जास्त काही सुचलं नसतं.

तुलना जमली असं वाटून इथे थांबायचा मोह होतो. पण आपण ईडिपसच्या गोष्टीतला एक बारकावा राखून ठेवला होता, तान्ह्या पोराचे टोचलेले घोटे. ईडिपस बापाला का ओळखत नाही? कारण बापाने त्याला टाकून दिलं होतं. लायसने देववाणीला घाबरून पोर घराबाहेर टाकलं नसतं, तर ते पोर बापाला पाहत मोठं झालं असतं, आणि मग तिठ्यावरचं ते भांडण झालंच नसतं. देववाणी खरी ठरली ती तिच्यापासून वाचायला केलेल्या उपायांमुळे. आता शिवनेरीवरच्या मुलाकडे पाहा. आठव्या वर्षापासून पहाऱ्यात, शत्रूचं पोर म्हणून वाढवलेला, ज्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एक तर पहारेकरी किंवा फितवायला आलेला. त्याला राज्य चालवायला कुणी शिकवलं नाही. त्याला एकच विद्या मिळाली : गोड बोलून वेळ मारून न्यायची, कुणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करायचं. पुढे बाजीराव पेशवे म्हणून त्याने नेमकं हेच केलं, आणि आपण म्हणतो, बघा, नाना बरोबर होते, मुलगा तसलाच निघाला. म्हणजे नानांना आपण ईडिपस म्हणत होतो, पण ते लायसही आहेत. घोटे त्यांनीच बांधले.

यावर कुणी म्हणेल, आणि आमच्याच घरातल्या एका अभ्यासू माणसाने म्हटलंही, की हे मागाहून सुचलेलं शहाणपण आहे. राज्याच्या दावेदाराला कोण मोकळा सोडतो? औरंगजेबाने सोडला असता? बरोबर आहे. मोकळा सोडायला कुणीच सांगत नाही. पण १७८३ आणि १७९५ यांच्यामध्ये बारा वर्षं होती. बाप मेला होता. इंग्रजांशी तह झाला होता. मुलगा आठ वर्षांचा होता, आणि पुण्यात त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा एकटा वाढत होता. दोघांना एका वाड्यात, एका शास्त्र्यापुढे बसवणं धोक्याचं होतं, पण अशक्य नव्हतं. आणि इथेच नाटक आणि इतिहास वेगळे होतात. नाटकात देववाणी आधीच झालेली असते, सुटका नाहीच, म्हणून आपण नायकाला क्षमा करून त्याच्यासाठी रडू शकतो. इतिहासात देववाणी नसते. जे अटळ वाटतं, ते कुणीतरी रोज थोडं थोडं अटळ करत नेलेलं असतं. राजकीय नेत्याला शोकनायक म्हणताना आपण नकळत त्याची ही जबाबदारी नियतीच्या खात्यावर टाकतो. अग्रलेखवाल्यांना हा शब्द का आवडतो, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मराठी रंगभूमीने नानांचं काय केलं हेही पाहू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी विशीत 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' लिहिलं. शेक्सपिअरचा ठसा उघड आहे : पेशव्याच्या स्वभावात हॅम्लेट, आणि केशवशास्त्री नावाचं पात्र म्हणजे ऑथेल्लोतला इयागोच, कानात संशयाचं विष ओतणारा. सगळी व्यथा त्या तरुण पेशव्याची. नाना तिथे आहेत, पण दोषापासून अंतरावर, कारण विष ओतायला केशवशास्त्री आहे. खाडिलकर पुढे टिळकांचे सहकारी झाले, 'कीचकवध' लिहिलं, सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. त्या पिढीला इंग्रजांना वीस वर्षं रोखणारा नाना हवा होता. घोटे बांधणारा नको होता. त्यात गैर काही नाही, पण मोठं नाटक हातचं गेलं असं आम्हाला वाटतं.

मग १९७२ मध्ये तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. भरत नाट्य मंदिरात डिसेंबरमध्ये पहिला प्रयोग, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, नाना मोहन आगाशे. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं, मग त्याच मंडळींनी थिएटर ॲकॅडमी काढून ते जगभर नेलं. वादाची हकिकत सर्वांना पाठ आहे, ती सोडून देऊ. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की हा नाना लंपट आहे, हुशार आहे, आणि त्याला कशाचंच काही वाटत नाही. घाशीराम मरतो, नाना हात झटकतो. हे ऐतिहासिक नाटक नाही असं तेंडुलकरांनीच सांगितलं होतं, सत्ता माणसं कशी वापरते हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी असं दाखवलं की आजही अंगावर येतं. पण ज्याला काही वाटत नाही तो शोकनायक होऊ शकत नाही. एका नाटककाराने नानांची चूक काढून घेतली, दुसऱ्याने वेदना. चुकीसकट वेदना असलेला नाना या दोन्हींत नाही.

तो सापडतो कुठे? एका ठिकाणी सापडतो, आणि ते वाचताना दरवेळी नवल वाटतं. नानांनी स्वतः लिहिलेलं एक त्रोटक आत्मवृत्त आहे. त्यात हा माणूस स्वतःच्या मनाला सोडत नाही. देवपूजेत मन रमतं, आणि तरुणपणी वासना उठतात, त्यांच्याशी झगडा होतो, हे तो उघडपणे लिहितो. अठराव्या शतकात असं लिहिणारी किती माणसं आहेत? पानिपताची पळापळ, आईची ताटातूट, अन्नपाण्याविना केलेला प्रवास, आपली भीती, सगळं त्यात आहे. पण पानिपताहून परतल्यावर लवकरच ते लेखन थांबतं. पुढे राज्य हाती आलं, हजारो पत्रं लिहिली गेली, पण स्वतःकडे बघणारं ते लेखन पुढे गेलं नाही. ओळख पटवून घेण्याची ताकद ज्या माणसात होती, त्याला पुढची चाळीस वर्षं सवड झाली नाही. ईडिपसला सत्य कळतं, तो डोळे फोडून घेतो, नाटक संपतं. राज्यकर्त्याला सत्य कळलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत टपाल आलेलं असतं.

आणि टपाल येत राहिलं. ३१ डिसेंबर १७९७ ला नाना दौलतरावांच्या छावणीत भेटीला गेले. शिंद्यांच्या नोकरीतला मायकेल फिलोज नावाचा गोरा अधिकारी, त्याने सुरक्षिततेचा शब्द दिला होता. आयुष्यभर कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने एका परक्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्यानेच त्यांना पकडलं. या कटाला बाजीरावाची संमती होती. पुण्यातला नानांचा वाडा लुटला गेला, नानांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. पुढच्या वर्षी पैसे भरून सुटका झाली. डफ सांगतो की नंतर बाजीराव रात्री वेष पालटून नानांच्या घरी गेला, पायांवर डोकं ठेवलं, आपला यात काही हात नव्हता अशा शपथा घेतल्या. नानांना काय खरं ते माहीत असणारच. त्यांनी पुन्हा कारभार हाती घेतला.

१३ मार्च १८०० ला नाना वारले. इंग्रज रेसिडेंट पामरने वर कळवलं की मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेला. शत्रूने दिलेलं प्रशस्तिपत्र, आपण पुस्तकांत अभिमानाने छापतो.

राहिला शेवटचा मुद्दा, किंमत कुणी दिली याचा. नाटकात पडदा पडताना नायकच सगळं भरून टाकतो. इथे भरलं ते एकवीस वर्षांच्या पेशव्याने. कोठडीत गुदमरलेल्या त्या परगावच्या ब्राह्मणांनी. दौलतरावांच्या लोकांनी पैशासाठी पुण्यात ज्यांना छळलं त्या सावकार-दुकानदारांनी. ३१ डिसेंबर १८०२ ला, नानांच्या अटकेला बरोबर पाच वर्षं होत असताना, बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. बापाने सुरतेला जे दार ठोठावलं होतं, तेच. आणि नानांची शेवटची पत्नी जिऊबाई, नाना गेले तेव्हा अगदी लहान, नानांच्या एका विश्वासू किल्लेदाराच्या आसऱ्याने लोहगडावर राहिली होती. बाजीरावापासून तिच्या जिवाला आणि मालमत्तेला संरक्षण मिळालं ते जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने, इंग्रजांच्या पेन्शनीवर.